सन्निधीचे सामर्थ्य

जे स्वतः काहीच करीत नाही, त्याच्या केवळ सन्निधीने दुसऱ्याची प्रवृत्ती घडते काय, हा आपल्या दर्शनकारांचा जुना वाद आहे. निष्क्रिय पुरुषाच्या सान्निध्याने प्रकृती प्रवृत्त होते, असे सांख्यांनी म्हटले व लोखंड ओढणाऱ्या अयस्कान्ताचा दाखला दिला. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात त्या दाखल्याची झडती झाली, आणि शंकराचार्यांनी आक्षेप घेतला, की पुरुषाची सन्निधी नित्य असेल तर प्रवृत्तीही नित्यच राहील, मग मोक्ष कसला?

या वादाला अधिक सूक्ष्म दाखला विद्युद्रसायनात मिळतो. मोरचुदाच्या द्रावणात विद्युत्प्रवाह सोडला म्हणजे तांब्याचे आयन ऋणाग्राकडे जातात, तेथे दोन दोन इलेक्ट्रॉन घेऊन धातुरूप होतात व थरावर थर चढतो. किती विजेला किती धातू, हा हिशेब फॅरडेने १८३४ साली पक्का करून ठेवला. या पात्राभोवती चुंबकीय क्षेत्र असेल, तर चालत्या आयनांवर त्यांच्या गतीला व क्षेत्राला, दोहोंना लंब असे बल येते, त्यांच्याबरोबर द्रावणही फिरू लागते, ऋणाग्रालगत आयनांची वाण पडलेला थर पातळ होतो आणि धातू अधिक वेगाने बसू शकतो. पृष्ठभागाची घडणही पालटते: सेन्दाईच्या तोहोकू विद्यापीठात प्रबळ क्षेत्रात चढविलेल्या तांब्याच्या व चांदीच्या थरांत डावे-उजवेपण आढळले, आणि क्षेत्राची दिशा उलटविल्यावर तेही उलटले.

यातले मर्म असे, की हे बल गतीला सदैव लंब असल्यामुळे क्षेत्र आयनाला ऊर्जेचा कणही देत नाही. सारा खर्च विजेच्या खाती पडतो, आणि तरीही थराला आकार येतो तो क्षेत्रामुळे. शक्ती पुरविणे आणि वळण देणे ही दोन भिन्न कर्तृत्वे आहेत, हे येथे निःसंशय दिसते. परंतु निश्चल आयनाला स्थिर क्षेत्र वळवू शकत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून सन्निधी प्रवृत्तीचे आदिकारण आहे, हा सांख्यांचा दावा मला मान्य करवत नाही, तेथे आचार्यांचा आक्षेप अबाधित राहतो. मात्र चालू प्रवृत्तीला रूप देणारे निमित्त म्हणून सन्निधीचा अधिकार कबूल केलाच पाहिजे.

सत्संगाचा महिमा मी याच अर्थाने मानतो. संतांचा सहवास साधकाच्या चालण्याला दिशा देईल, त्याच्या चित्ताची घडण बदलील. पण ज्याने पाऊलच उचलले नाही, त्याच्या बाबतीत कृपेलाही वळवायला काही उरत नाही.