भिंतीपलीकडचं माहीत असलेला माणूस

मानकोलीत आज दोन तऱ्हेचं शेजारपण एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात नांदतं. मुंबई-नाशिक महामार्गालगत जुनं आगरी गावठाण आहे. तिथे ओटीवर बसलेली बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून कुठे निघालात ते विचारते, आणि उत्तर मिळेपर्यंत सोडत नाही. गोदामांची रांग ओलांडून अंजूरच्या अंगाला गेलं की ‘अप्पर ठाणे’ या नावाने विकल्या गेलेल्या संकुलाचे मनोरे लागतात. तिथे पाहुण्याची नोंद फाटकावर होते, आत सोडायचं की नाही ते फोनवरून ठरतं. समोरच्या दारावरचं आडनाव पाठ असतं, दारामागची माणसं ठाऊक नसतात. या दोहोंच्या मध्ये हमाल आणि चालकांच्या भाड्याच्या खोल्या. संध्याकाळी या तिन्ही ठिकाणी मालिका लागते, आणि तिच्यातल्या घराला बहुधा शेजारच नसतो.

शेजाऱ्यांच्या गुंत्यावर मालिका उभी करण्याची कल्पना जुनी आहे. ब्रिटनमध्ये ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ 1960 साली सुरू झाली ती आजही चालू आहे. अमेरिकेत ‘नॉट्स लँडिंग’ने 1979 ते 1993 अशी चौदा वर्षं कॅलिफोर्नियातल्या एका गल्लीतली कुटुंबं दाखवली. 2004 साली आलेल्या ‘डेस्परेट हाउसवाइव्ह्ज’ची सुरुवात एका शेजारणीच्या आत्महत्येने होते. तिला धमकीचं निनावी पत्र आलेलं असतं, आणि ते पाठवणारी त्याच गल्लीत राहणारी बाई निघते. शेजारणीचं गुपित कळलं, तर त्याचा उपयोग पैसे उकळायला! पुढची सगळी मालिका या एका गृहीतावर चालते: दुसऱ्याच्या घरातलं माहीत असणं म्हणजे हातात शस्त्र असणं. मला हे गृहीत अपुरं वाटतं, आणि आपल्या मालिकांनी ते फारसा विचार न करता उचललं याचं दुःख आहे.

आपली परंपरा वेगळी होती. पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ 1958 साली पुस्तकरूपाने आली. सामायिक गॅलरी, सामायिक नळ आणि पातळ पार्टिशन असलेल्या इमारतीत गुपित दोन दिवससुद्धा टिकत नाही. म्हणून चाळीची गोष्ट विनोदाकडे झुकते. लपवायला जागा नसलेली माणसं एकमेकांना हसत, भांडत, सांभाळत राहतात. रोजच्या मालिकेला मात्र गुपित टिकायला हवं असतं. ते फुटलं की कथा संपते, म्हणून ते महिनोन्‌महिने पुरवावं लागतं आणि त्यासाठी जाड भिंतींचं घर लागतं. ‘चार दिवस सासूचे’ 2001 ते 2013 या काळात तीन हजारांहून अधिक भाग चालली. एवढी लांबी पेलायला मोठा बंगला, मोठं कुटुंब आणि दाराआडून ऐकणारी घरातलीच माणसं हवीत. निर्मात्यालाही एकच सेट परवडतो. शेजारी आला की तो विचारणार, ‘काल रात्री कसला आवाज होता?’ आणि पुढच्या साठ भागांची सोय बिघडणार. म्हणून त्याला गोष्टीतून काढलं गेलं. उरला तो चकल्या मागायला येणारा किंवा चोरून कान लावणारा, घटकाभर हसवून जाणारा.

वास्तवातल्या शेजाऱ्याला मात्र कायद्यानेच एक वाट मोकळी करून दिली आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा 2005 चा कायदा ऑक्टोबर 2006 मध्ये अमलात आला. त्याच्या चौथ्या कलमानुसार, हिंसा झाली आहे, होते आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं मानायला कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. सद्‌भावनेने माहिती दिली तर तिच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. ‘कोणतीही व्यक्ती’ यात सर्वांत जवळची कोण? भिंतीपलीकडची. 2008 साली ‘बेल बजाओ’ या मोहिमेने तर एवढंच सांगितलं की आवाज ऐकू आला तर जाऊन घंटी वाजवा, काहीही कारण सांगा. मोहिमेच्या छोट्या जाहिरातींतला घंटी वाजवणारा माणूस आपल्या मालिकांत मात्र सहसा भेटत नाही.

गावठाणात सगळं माहीत असतं म्हणून तिथे बाई सुरक्षित असते, असं मी म्हणणार नाही. माहीत असूनही भावकी ‘घरातलं घरात मिटवा’ म्हणते. चार वडीलधारी बसतात, आणि समजुतीचा भार बहुतेक वेळा सुनेच्याच पदरात पडतो. जमिनी गेल्या, गोदामं आली, पैसा आला, तरी ही सवय गेलेली नाही. मनोऱ्यात उलट घडतं. चौदाव्या मजल्यावरचा आवाज तेराव्यावर पोचतो. पण ऐकणाऱ्याला वाटतं, ओळख नसताना कसं विचारायचं? सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर पार्किंगवरून शंभर निरोप पडतात, या आवाजाबद्दल एकही नाही. एका ठिकाणी माहिती आहे आणि तिचा कौल बाईच्या विरुद्ध जातो. दुसऱ्या ठिकाणी माहिती आहे आणि ती कुणाची जबाबदारीच होत नाही.

या दोन्ही जगांत रोज ये-जा करणारी एक व्यक्ती आहे, तिच्याकडे आपण पाहतच नाही. सकाळी गावठाणातून किंवा खोल्यांमधून निघून मनोऱ्यातल्या चार-पाच घरांत धुणं-भांडी, पोळ्या करणारी ताई. कुठल्या घरात दोन ताटं वेगळ्या वेळी वाढली जातात, कुठल्या बाईने आठवडाभर लांब बाह्यांचाच ड्रेस घातला आहे, कुणाच्या उशीखाली कसल्या गोळ्या आहेत, हे तिला ठाऊक असतं. फाटकावरच्या ॲपमध्ये तिच्या येण्याजाण्याची वेळ मिनिटासकट नोंदली जाते, पण तिला काय दिसलं हे कुणी विचारत नाही. बोलली तर ‘इकडचं तिकडे करते’ म्हणून काम जाण्याची भीती. मालिकेत ती येते तेव्हा तोंडाळ, विनोदी, चुगलखोर म्हणून. खरं तर आजच्या उपनगरातली शेजारीण तीच आहे. गॅलरीतून जे कळायचं, ते आता तिच्याकडून कळतं. तिचं मौन किती गोष्टी झाकून धरतं, आणि त्या मौनाची तिला काय किंमत पडते, यावर मराठी मालिकेचा एक पूर्ण वर्षभराचा ऐवज आहे.

यावर निर्माते म्हणतील, प्रेक्षकाला गुपितच हवं असतं, शेजाऱ्याची द्विधा कोण बघणार? 2016 साली सुरू झालेल्या ‘माझ्या नवऱ्याची बायको’कडे त्यांनी पुन्हा पाहावं. नवऱ्याचं बाहेरचं नातं हीच तिची चौकट, आणि ती ताणलीही बेसुमार गेली. 2021 पर्यंत चाललेल्या या मालिकेतल्या बऱ्याच वळणांचं मला समर्थन करता येणार नाही. पण ठाण्यात राहणाऱ्या, वऱ्हाडी बोलणाऱ्या तिच्या नायिकेच्या, राधिकाच्या भोवती सोसायटीतली माणसं होती. त्यांना तिच्या घरातलं कळत होतं, त्यांनी बाजू घेतली, आणि तिच्या मसाल्यांच्या उद्योगातही ती माणसं तिच्या जवळ होती. ही मालिका बराच काळ टीआरपीच्या यादीत अग्रभागी राहिली. शेजारी असलेली सोसायटी प्रेक्षकाने तेव्हा आनंदाने पाहिली होती. आता तिच्या पुढचं पाऊल लिहिणाऱ्यांनी टाकावं: आवाज ऐकून दारापर्यंत गेलेल्या शेजारणीला घंटीवर बोट ठेवायला चार भाग लागू देत, पण त्या चार भागांत कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरच असू दे.