हवे आणि हवेच

आम्हा सीमाभागातल्या माणसांना ‘स्वीकार’ हा शब्द फारसा रुचत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, आणि ‘हे आम्हाला मान्य नाही’ हे वाक्य ऐकतच आमची पिढी वाढली. हक्काच्या बाबतीत ते योग्यच आहे. प्रश्न एवढाच, की तेच वाक्य घरात, आपल्या माणसांपुढे किती काळ म्हणत राहायचे?

माझी सून धारवाडची, कन्नड घरातली. लग्नाला मी विरोध केला नाही. पण मनात एक अट ठेवली. नातवाने माझ्याशी मराठीतच बोलले पाहिजे. तो बोलू लागला तो ‘अज्जा’ म्हणत. ‘आजोबा म्हण,’ असे मी हटून सांगे. तो गप्प होई. हळूहळू माझ्या खोलीत यायचाच थांबला. मी मात्र दोष सुनेला देत राहिलो.

पुढे अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे विचार वाचनात आले. १९५५च्या सुमारास त्याने विवेकनिष्ठ मानसोपचार मांडला, त्याला आधार होता एपिक्टेटसचा. हा ग्रीक तत्त्ववेत्ता एके काळी गुलाम होता. आपल्या हाती काय आहे आणि काय नाही, हे ओळखा, असे तो शिकवी. एलिस इच्छा आणि हट्ट यांत फरक करतो. मराठीत हा फरक एका ‘च’चा आहे. नातवाने मराठी बोलावे, ही इच्छा. बोललेच पाहिजे, हा हुकूम. इच्छा अपुरी राहिली तर वाईट वाटते. हुकूम मोडला गेला की राग येतो, आणि राग माणसे दूर लोटतो.

स्वीकार म्हणजे अन्याय सोसणे नव्हे. मार खाणाऱ्या बाईला ‘स्वीकार कर’ सांगणे हा दुष्टपणाच. आहे ते आहे, एवढे आधी कबूल करायचे. मग बदलायचे की सोसायचे की दूर व्हायचे, हे शांतपणे ठरवता येते.

मी ‘अज्जा’ला ओ देऊ लागलो. परवा अंगणात दिवाळीचा किल्ला करताना नातू म्हणाला, ‘‘अज्जा, माती दे.’’

तीनांतले दोन शब्द मराठी होते. मी मोजले, हे खरे. इच्छा अजून आहे. ‘च’ तेवढा गेला.