आभासी वस्तूंची चोरी आणि किशोरांना दंड

दुसऱ्याने न दिलेले घेऊ नये, हा नियम भारतीय धर्मपरंपरांना समान आहे. योगसूत्रांतील पाच यमांत अस्तेय येते, तर जैन आणि बौद्ध आचारनियमही हेच सांगतात. वस्तू कशाची बनली आहे, याला तेथे महत्त्व नाही; धन्याची संमती महत्त्वाची. मित्राचा पासवर्ड मिळवून त्याच्या गेममधले डायमंड किंवा आख्खा आयडी लाटणे ही म्हणूनच चोरी ठरते.

कायदाही त्याच दिशेने गेला आहे. नेदरलँड्समधील लेवार्डन येथे २००७ मध्ये दोन किशोरांनी तेरा वर्षांच्या मुलाला मारहाण करून त्याच्याकडून रुनस्केप या गेममधील ताईत व मुखवटा हिसकावला. त्या वस्तू मिळवायला वेळ व श्रम लागले होते आणि त्यांवर त्या मुलाचाच ताबा होता, म्हणून तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही चोरी मानली. मुलांना समाजसेवेची शिक्षा झाली. भारतात दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

प्रश्न उरतो तो वयाचा. महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींना सुळावर चढावे लागते. बालपणी कीटकांना काडी टोचल्याचे हे फळ, असे यमधर्म सांगतो. एवढ्याशा अपराधाला एवढा दंड दिल्याबद्दल ऋषी धर्मालाच शाप देतात आणि चौदाव्या वर्षापर्यंतचे कृत्य पाप न मानण्याची मर्यादा घालून देतात. शांतिपर्वातला लिखित नावाचा ऋषी मात्र जाणता आहे. भावाच्या आश्रमातील फळे न विचारता खाल्ल्यावर तो स्वतः राजाकडे दंड मागतो. त्याचे हात तोडले जातात, पण नदीत स्नान करताच ते परत येतात. अजाणत्याला दंड नको आणि जाणत्याला दिलेला दंड जन्मभराचा नको, अशी दोन तत्त्वे या कथांतून निघतात.

बाल न्याय अधिनियम, २०१५ याच तत्त्वांना धरून आहे. संगमनेरच्या सोळा वर्षांच्या मुलाने असा आयडी चोरला, तर त्याचे प्रकरण प्रौढांच्या न्यायालयात न जाता बाल न्याय मंडळापुढे येते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी व दोन समाजसेवक असतात. समज, समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड किंवा परिवीक्षा असे मार्ग मंडळापुढे असतात आणि दोष सिद्ध झाला तरी पुढील आयुष्यात त्यामुळे अपात्रता येत नाही.

किशोराला कायद्यापुढे उभे करणे यामुळे योग्यच ठरते. ज्याचे गेले त्याचे दुःख खरे असते. मात्र त्या दंडात चोरलेले परत करणे, क्षमा मागणे आणि वागणूक सुधारणे यांना पहिले स्थान हवे. कैद त्यात बसत नाही.