एक रेघ, दोन रेघा

गेल्या वर्षी एका परिसंवादात अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक म्हणाले, अमली पदार्थात मिसळलेलं फेन्टानिल ओळखणारी कागदी पट्टी व्यसनी माणसाच्या हाती देणं म्हणजे त्याला ‘घे, निर्धास्त घे’ असं सांगणं. आधाराला त्यांनी सॅम पेल्ट्झमन यांचा १९७५ सालचा निबंध काढला. सभागृहाने माना डोलावल्या. मी गप्प बसलो, त्याची रुखरुख अजून जात नाही.

पेल्ट्झमन यांचं म्हणणं असं: गाडीत सुरक्षेची साधनं सक्तीची झाली, चालक बेदरकार झाले, आणि आत वाचलेल्या जिवांची भरपाई रस्त्यावरच्या पादचाऱ्यांनी केली. हा विचार उडवून लावण्यासारखा नाही. पण तो इथे लागू पडतो का? सीटबेल्टमुळे चालकाला आपण सुरक्षित आहोत असं वाटतं. पट्टीत फेन्टानिल सापडलं तर ती भीती घालते. आणि पादचारी तरी इथे कुठे आहे? पुडी घेणाराच मरतो. अमेरिकेत २०२२ साली अतिसेवनाने एक लाखाहून अधिक माणसं गेली, त्यांतली दोन तृतीयांशांहून जास्त प्रामुख्याने फेन्टानिलसारख्या कृत्रिम ओपिऑइडमुळे. कित्येकांना आपल्या कोकेनमध्ये किंवा नकली गोळीत ते आहे याचा पत्ताही नव्हता. तरी कित्येक राज्यांत ही पट्टी अनेक वर्षं चिलमीसारखंच नशेचं साहित्य म्हणून बेकायदा होती. केंद्राचा निधी तिच्यासाठी वापरायची मुभा एप्रिल २०२१मध्ये मिळाली.

इथवर मला माझी बाजू पक्की वाटत होती. लिहायला बसल्यावर मात्र प्राध्यापकांच्या म्हणण्यातला एक तुकडा मला मान्य करावा लागला. पट्टीवर काही सापडलं नाही, तर काय? तेव्हा ती सीटबेल्टच होते. ती फेन्टानिल ओळखते, पण नायटाझीन या गटातली कृत्रिम ओपिऑइड ओळखत नाही. ही द्रव्यं एका स्विस औषध कंपनीने १९५०च्या दशकात शोधली होती, आता ती बाजारात उतरली आहेत. शिवाय विष पुडीत सारखं पसरलेलं नसतं. चिमूटभर तपासली आणि घातक कण उरलेल्या भुकटीत राहिला, असं होऊ शकतं. आणि व्हँकुव्हरमध्ये जिथे हेरॉइन म्हणून विकल्या जाणाऱ्या जवळपास प्रत्येक पुडीत फेन्टानिल असतं, तिथे ‘आहे’ या उत्तराने काय कळतं? किती आहे, हे पट्टी सांगत नाही.

म्हणून पट्टी काढून घ्यायची? मुळीच नाही. तिच्यासोबत ओपिऑइडच्या अतिसेवनावरचा उतारा, नॅलोक्सोन, द्या, एकट्याने घेऊ नका म्हणून सांगा, आणि प्रमाण मोजणारी प्रयोगशाळा उभी करा. नेदरलँड्समध्ये १९९२पासून लोक गोळ्या तपासायला देतात. घातक माल सापडला तर सरकारी यंत्रणा जाहीर इशारा देते. तिथे जबाबदारी एकट्या नशा करणाऱ्याच्या डोक्यावर टाकलेली नाही.

हे सगळं सांगायला समोर माणूस हवा, याचं आणखी एक कारण आहे. ही पट्टी मुळात लघवी तपासायला बनवलेली. कोविडच्या चाचणीत दोन रेघा आल्या की आपल्या पोटात गोळा यायचा. इथे उलटं आहे: दोन रेघा म्हणजे फेन्टानिल सापडलं नाही, एकच रेघ म्हणजे सापडलं. मध्यरात्री, एकटा, थरथरत्या हातांनी पट्टी पाण्यात बुडवणारा विशीतला पोरगा एक रेघ पाहून सुटकेचा श्वास टाकेल.