शेजारच्या खाटेवरचा माणूस

अण्णा नगरात रविवारी आमची चार मराठी बिऱ्हाडे जमतात. मागच्या बैठकीत एका स्नेह्यांनी खिशातून खुलाशाचा मसुदा काढला. चूक त्यांच्या खोलीत बसणाऱ्या दुसऱ्या अधिकाऱ्याची. जाब मात्र दोघांकडून मागितलेला. मला एकदम सुभाष गुप्ते आठवले.

मद्रासने हा मुंबईचा लेगस्पिनर पाहिलेला आहे. १९५६ च्या जानेवारीत येथल्या कॉर्पोरेशन स्टेडियमवर मंकड आणि रॉय ह्यांनी ४१३ धावांची सलामी दिली, ती सर्वांना पाठ आहे. त्याच सामन्यात न्यूझीलंडचे नऊ गडी गुप्ते ह्यांनी टिपले, ह्याची आठवण कोणी काढीत नाही. गोलंदाजाचे प्राक्तनच ते! १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात त्यांनी कसोटींत २७ बळी मिळविले. लँकाशायरमधील रिश्टनसाठी ते खेळले. आपण पाहिलेल्या लेगस्पिनरांत हा सर्वश्रेष्ठ, असे साक्षात सोबर्स म्हणत.

१९६१ च्या डिसेंबरात दिल्लीच्या कसोटीच्या वेळी हॉटेलच्या स्वागतकक्षातील तरुणीला त्यांच्या खोलीतून टेलिफोन गेला आणि तिने तक्रार केली. टेलिफोन करणारा खोलीतला सहकारी होता. मंडळाने दोघांनाही वगळले. नुकतेच कानपूरला इंग्लंडचे पाच गडी बाद करणारा हा ३२ वर्षांचा गोलंदाज पुन्हा कसोटी खेळला नाही. ३६ सामने, १४९ बळी. तेथेच हिशेब मिटला.

त्या तरुणीची तक्रार गंभीरपणे घेणे उचितच होते. पण निरपराध्याला शिक्षा दिल्याने तिला मिळणारा न्याय रतिभरही वाढत नाही. 'तुम्ही त्याला अडविले का नाही?' हा मंडळाचा प्रश्न होता. एवढ्या धिप्पाड माणसाला मी कसा अडविणार, असे गुप्ते पुढे सांगत. उत्तर भाबडे वाटते, तरी त्यात तत्त्व आहे: जेथे सत्ता नाही तेथे जबाबदारी कशी यावी?

स्नेही म्हणाले, "पण मौन हाही दोष असतो." असतो खराच. शेजारचा महिनोन्महिने लाच घेतो आणि आपण मान खाली घालून फायली चाळतो, तेव्हा आपण भागीदार होतो. कारण तेथे आपल्याला कळते, वेळ असतो, आणि बोलण्याची वाटही असते. मिनिटभराच्या टेलिफोनला हा न्याय लावणे म्हणजे भिंतीला साक्षीदार ठरवून फाशी देणे. शिवाय दोघांना एका खोलीत ठेवले कोणी? त्याला कोणी जाब विचारला नाही.

गुप्ते पुढे पत्नीच्या देशी, त्रिनिदादला स्थायिक झाले आणि २००२ मध्ये तेथेच वारले.

स्नेह्यांनी मसुद्यातली 'दिलगीर आहे' ही ओळ खोडली, थोडा विचार केला, आणि चहा मागविला.