अंत्युखियाची पंगत

वाचन : प्रेषितांची कृत्ये १३:१–३, गलतीकरांस पत्र २:११–१४



अंत्युखिया येथील मंडळीत जे संदेष्टे व शिक्षक होते, त्यांची नावे लूक एकामागून एक लिहून ठेवतो. आपण ती भरभर वाचून पुढे जातो. परंतु ही माणसे कोण होती ते क्षणभर पाहू या. बर्णबा हा कुप्र बेटाचा लेवी. शिमोनाला लोक निग्र, म्हणजे काळा, म्हणत. लूक्य हा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील कुरेने नगराचा. मनाएन हा राजघराण्यात वाढलेला, हेरोदाचा दूधभाऊ. आणि शौल हा तार्सकर, गमलिएलाच्या पायाशी शिकलेला, पूर्वी प्रभूच्या लोकांचा छळ करणारा. ह्यांचे गाव एक नाही, कुळ एक नाही, पूर्वायुष्यही एक नाही. तरी हे एकत्र उपासना व उपास करीत असता पवित्र आत्मा त्यांच्याशी बोलला, आणि तेथूनच सुवार्ता दूरदेशी निघाली. देवाच्या मनात असते तर त्याने पाचही जण एकाच आळीतले निवडले असते. त्याने तसे केले नाही.

आज ज्या ईश्वरविज्ञानाच्या शाळांत आपले तरुण पदवीचे शिक्षण घेतात, त्याही अशाच आहेत. पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी घ्या. ती १९५३ साली यवतमाळ येथे स्थापन झाली व १९८३ साली पुण्यास आली. तेथे मराठी विद्यार्थ्याच्या शेजारी नागा, मिझो, तमिळ, मल्याळी असे नाना भाषांचे विद्यार्थी बसतात. त्यांच्या मंडळ्याही निरनिराळ्या. कोणी तान्ह्या बाळास बाप्तिस्मा देणारे, तर कोणी जाणत्या वयातच देणारे. खेड्यातील आईबापांच्या मनात सहज येते की, एवढ्या परक्या लोकांत आमचे लेकरू काय शिकेल?

ते एका उदाहरणाने सांगतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात मूर्तीला वाहिलेल्या मांसाविषयी पौल लिहितो. ज्या मिझो मुलाचे अवघे गावच ख्रिस्ती, त्यास हा प्रश्न पुस्तकातला वाटतो. आपल्या मुलास तो जत्रेच्या दिवशी दारात भेटतो. देवीपुढे बोकड कापलेला असतो. शेजारी प्रेमाने जेवावयास बोलावतात. नाही म्हणावे तर शेजार तुटतो, हो म्हणावे तर नवा विश्वासी अडखळतो. हा मुलगा वर्गात बोलू लागला म्हणजे पौलाचे म्हणणे साऱ्यांस नव्याने उमगते. उलट मिझो मुलगा सांगतो की, आमच्याकडे बाया प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ प्रभूसाठी बाजूला काढतात. तो मंडळीत गोळा होतो व त्यावर सुवार्तेचे काम चालते. हे ऐकल्यावर, आमची मंडळी गरीब, आमच्याने काय होणार, असे म्हणण्यास आपल्या मुलाची जीभ धजत नाही. एकास जे दिले आहे ते दुसऱ्यासाठी दिले आहे; आणि शेजारी परका असल्यावाचून हे कळत नाही.

परंतु नाना प्रकारची माणसे एका छपराखाली आणली म्हणजे कार्य झाले असे नव्हे. अंत्युखियात शिकवण चुकली नव्हती; चूक झाली ती पंगतीत. पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. पण याकोबाकडून काही लोक येताच तो भिऊन मागे सरला, आणि बर्णबासुद्धा त्याच्यामागे ओढला गेला. तेव्हा पौलाला त्यास तोंडावर बोलावे लागले. शाळेतही हाच मोह आहे. एका भाषेचे एका बाकावर जेवतात. शिकवणे इंग्रजीतून, म्हणून खेड्यातला मुलगा गप्प बसतो, आणि त्याच्या मौनास लोक मंदपणा समजतात. कोणी हळूच आडनाव विचारून मूळची जात ताडू पाहतो.

ह्यावर उपाय काय, ते श्रीरामपूर शिकवते. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नव्हे, बंगालातील श्रीरामपूर; विल्यम केरी ह्यांचे मराठी व्याकरण १८०५ साली जेथे छापले गेले ते. तेथे केरी, मार्शमन व वॉर्ड ह्यांनी १८१८ साली कॉलेज काढले. १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने त्यास पदव्या देण्याची सनद दिली. जात, वर्ण वा देश ह्यांवरून कोणास प्रवेश नाकारू नये, असा नियमही तेथे झाला. पण हा नियम आकाशातून पडला नाही. १८०० सालच्या डिसेंबरात कृष्ण पाल नावाच्या सुताराचा बाप्तिस्मा झाला. त्याआधीच तो मिशनऱ्यांच्या पंगतीस उघडपणे जेवला होता. १८०३ साली ब्राह्मण कुळातून आलेल्या कृष्णप्रसादाने त्या सुताराच्या मुलीशी विवाह केला. आधी पंगत, मग विवाह, आणि पंधरा वर्षांनी कॉलेज. क्रम ध्यानात घ्या. मंडळीने जे ताटावर केले, तेच शाळेने कागदावर लिहिले.

म्हणून, बंधुभगिनींनो, ही गोष्ट पुण्याची वा बंगालची नाही; तुमच्या गावाची आहे. मुलगा शाळेत सर्व भाषांच्या भावंडांबरोबर जेवून येतो, आणि घरी येताच त्याच्या सोयरिकीत पहिला प्रश्न जातीचा निघतो, तेव्हा तीन वर्षांचे शिक्षण एका बैठकीत पुसले जाते. उपदेशक बंधूंनो, शिक्षणासाठी तरुण निवडताना आपल्याच भावकीत शोधू नका; ज्या घराला मंडळीत मान नाही त्या घराकडेही पाहा. दुसऱ्या ज्ञातीतून आलेला पाळक तुम्हांस मिळाला, तर त्याच्या आडनावाआधी त्याचा उपदेश ऐका. प्रभुभोजनाचा प्याला कोणाच्या ओठांवरून आपल्याकडे आला, हे मोजू नका. तो कोणाच्या जखमांतून आला ते आठवा.

ज्या प्रभूने जकातदारांच्या पंगतीस बसण्याची लाज धरली नाही, तो आपल्या शाळांस व आपल्या घरांस एकच पंगत करो. आमेन.