अभिमानाची शिडी

नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या वडनेरमध्ये काय किंवा विदर्भातल्या कुठल्याही गावात काय, एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीचे निळे झेंडे लागले की कुणीतरी हमखास विचारतं, "समता पाहिजे म्हणता, मग हा अभिमान कशाला?" विचारणाऱ्याच्या स्वतःच्या आडनावाचा तोरा तेव्हा बहुधा हिशेबात नसतो. तरी प्रश्न खोटा नाही.

1892 च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद झाली. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी सरकारला अर्ज लिहिला. त्यात दावा होता की महार मूळचे क्षत्रियच. अभिमान खरा, पण वरची पायरी मागणारा. शिडी तशीच उभी.

वर्ध्यात दुसरा प्रयोग झाला. जमनालाल बजाजांनी 19 जुलै 1928 रोजी लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुलं केलं. पाऊल धाडसाचंच होतं. पुढे गांधीजींनी 'हरिजन' हे नाव रूढ केलं. मात्र दार उघडणारे आणि नाव ठेवणारे दोघेही बाहेरचे. ज्यांच्यासाठी हे चाललं होतं, त्यांतल्या अनेकांना तो मान उसना वाटला.

डॉ. आंबेडकरांनी अभिमान वापरला, पण त्यात मुक्काम केला नाही. 1 जानेवारी 1927 ला ते भीमा कोरेगावच्या स्तंभापाशी गेले आणि महार सैनिकांच्या पराक्रमाची आठवण जागी केली. 1936 मध्ये मात्र मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी धर्मांतराचा रस्ता मांडला. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखो लोक बौद्ध झाले. 1951 मध्ये महाराष्ट्रात जेमतेम अडीच हजार असलेले बौद्ध 1961 च्या जनगणनेत 27 लाखांवर गेले. हा अभिमान जन्माने चिकटलेला नव्हता, निवडलेला होता. जातीचा नव्हता, जात टाकल्याचा होता. वलंगकरांच्या अर्जापासून तो फार दूर आला होता.

कागदाने मात्र जात सोडली नाही. केंद्राने नवबौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती दिल्या त्या थेट 1990 मध्ये. आता हिंगणघाटच्या उपविभागीय कार्यालयातून दाखला काढताना धर्म बौद्ध सांगायचा आणि टाकलेली जातही लिहून द्यायची. समतेचा हक्क मिळवायला आजोबांनी झटकलेलं नाव नातवाने पुन्हा उच्चारायचं! व्यवहारात हे टळत नाही, कारण भेदभाव अजून त्याच नावाने होतो.

तिढा पुढेच आहे. मातंग समाजातले अनेक जण म्हणतात, सवलतींचा मोठा वाटा एकाच समाजाकडे गेला. 1 ऑगस्ट 2024 ला, म्हणजे नेमक्या मातंग समाजातल्याच अण्णा भाऊ साठ्यांच्या जयंतीच्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींत उपवर्गीकरणाला मुभा दिली. बौद्ध समाजातून याला मोठा विरोध आहे. आधी रिकाम्या जागा भरा, हा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. 'फूट पडेल' हा दुसरा आक्षेप तितका पटत नाही. 1932 मध्ये स्वतंत्र मतदारसंघ मागणाऱ्या आंबेडकरांनाही नेमकं हेच ऐकवलं गेलं होतं.